शब्दांच्या पोटातील कंस

चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणी या ग्रंथाच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला आणि त्याची नोंद इ. स. १२०७ च्या सुमारास शिलेवर कोरविली. तो लेख बहुतांशी संस्कृतात असला, तरी बाजारातील मालावरचा राजाचा हिस्सा मठाला लावून देण्याचा प्रसंग येताच तो मराठीत उतरतो, आणि मला त्यात मोठे मर्म दिसते: हिशेब नीट कळावयाचा, तर तो लोकांच्या बोलीत सांगावा लागतो.

बीजगणिताच्या आरंभी शब्दरचनेची पदावली करावयास शिकविताना आपल्या खानदेशात या मर्माचे विस्मरण होऊ नये. ‘कमी’ हा शब्द दिसताच वजा करावे, अशी गुरुकिल्ली मुलांच्या हाती दिली जाते. मग ‘माझ्याजवळ १२ केळी आहेत, ती ताईच्या केळ्यांपेक्षा ५ ने कमी आहेत’, एवढे वाचून मुलगा ताईच्या नावे ७ केळी लिहून मोकळा होतो. वस्तुतः ज्या मुलाच्या घरी केळीची बाग आहे, तो ‘पावणेदोन हजारांचा भाव’ कानी पडताच १,७५० हा आकडा मनात मांडतो. त्या एका शब्दात (२ − १/४) × १००० ही पदावली कंसासकट वसते, आणि तो कंस त्याला कोणी शिकविलेला नसतो.

आपल्या वाक्यरचनेचेही साहाय्य थोडे नाही. ‘एका संख्येपेक्षा ५ ने कमी’ हे ज्या क्रमाने बोलावे त्याच क्रमाने क्ष − ५ असे लिहावे. इंग्रजीत मात्र ५ आधी येतो आणि ५ − क्ष लिहिण्याचा मोह पडतो. ‘संख्येच्या दुपटीत ३ मिळवा’ म्हणजे २क्ष + ३, परंतु ‘संख्येत ३ मिळवून येणाऱ्या बेरजेची दुप्पट करा’ म्हणजे २(क्ष + ३). येथे ‘मिळवून’मधल्या ‘ऊन’ने कंस मिटतो, आणि व्याकरणाच्या तासाला हे सांगावयास काय हरकत आहे? स्वतः भास्कराचार्यांनी अव्यक्त राशीला ‘यावत्तावत्’, म्हणजे जितके तितके, असा बोलका शब्द योजिला आणि लिहिताना त्याचे नुसते ‘या’ केले. आधी शब्द, मग चिन्ह.

म्हणून माझा आग्रह असा की, पेन्सिल उचलण्यापूर्वी मुलाने ते वाक्य स्वतःच्या बोलीत, घरी अहिराणी असेल तर अहिराणीत, मोठ्याने सांगावे, आणि गुरुजींनी एवढेच विचारावे, ‘जास्त केळी कोणाजवळ?’ ‘ताईजवळ’, असे तो म्हणेल, आणि मग १२ च्या पुढे अधिकचे चिन्ह तो आपणहून काढील.