मरुभूमीतील सायकलस्वार आणि आपले औषधपत्र

चरकाचार्यांनी यज्जःपुरुषीय अध्यायात श्रेष्ठ भावांची जी गणना केली आहे, तीत आरोग्यकर देशांमध्ये मरुभूमीस अग्रस्थान दिले आहे आणि अहितकर देशांमध्ये आनूप देशास. कोकणातील ओलसर घरात राहणाऱ्या आमवाताच्या रुग्णास हे सूत्र समजावून सांगताना आपणास अडचण येत नाही. परंतु ज्याने नोकरीनिमित्त मरुभूमीतच संसार थाटला आहे आणि जो सुटीच्या दिवशी पहाटे उठून तेथे शंभर किलोमीटर सायकल चालवतो, अशा रुग्णास आपण काय सांगावे, याचा विचार आपल्या व्यवसायात अद्याप पुरेसा झालेला नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की तो विचार सुरू व्हावा.

हा रुग्ण काल्पनिक नव्हे. दुबई, अबुधाबी व शारजा येथे मराठी अभियंते, लेखापाल व व्यवस्थापक मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांनी चाळिशीच्या सुमारास सायकल हाती घेतली आहे. दुबईच्या बाहेर वाळवंटात अल कुद्रा येथे केवळ सायकलींसाठी बांधलेला सुमारे ८६ किलोमीटरचा मार्ग आहे. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंस वाळू, मधूनच दिसणारे ओरिक्स जातीचे कुरंग, आणि सावली जवळजवळ नाही. हिवाळ्यात दुबईत ९२ किलोमीटरची हौशी स्वारांची शर्यत भरते. तिच्यासाठी ही मंडळी महिनोन्‌महिने सराव करतात. वार्षिक रजेवर मात्र ती बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये स्वदेशी येतात, कारण मुलांच्या शाळांना तेव्हा सुटी असते. आणि येथेच आपली पहिली गफलत होण्याचा संभव असतो.

जुलैमध्ये आपल्या चिकित्सालयाबाहेर वर्षा ऋतू असतो. अग्निमांद्य, वातप्रकोप, अम्ल-लवण-स्निग्ध व उष्ण आहार ही आपल्या लेखणीची तेव्हाची सवय असते. रुग्ण मात्र दहा दिवसांनी विमानात बसतो आणि चार तासांच्या आत ज्या प्रदेशात उतरतो तेथे ग्रीष्म चालूच असतो व पुढेही सप्टेंबर अखेरपर्यंत चालणार असतो. औषधपत्र ज्या ऋतूत लिहिले जाते तो ऋतू आणि ज्या ऋतूत ते सेवन केले जाते तो ऋतू वेगळा असू शकतो, हे ध्यानात न घेता दिलेली दोन महिन्यांची औषधे शास्त्रोक्त म्हणता येणार नाहीत. 'आपण परत केव्हा जाणार आणि तेथे काय करणार' हे दोन प्रश्न नाडीपरीक्षेइतकेच आवश्यक आहेत.

दुसरी गोष्ट देशपरीक्षेची. चरकोक्त मरुभूमी ही कोरडी आहे. तेथे स्वेद येतो आणि वाऱ्याने तत्काळ सुकतो. दुबईचे वाळवंट समुद्रास लागून आहे. उन्हाळ्यात तेथे दिवसाचे तापमान ४० अंशांच्या वर जाते हे सर्वांस ठाऊक असते. परंतु आखातावरून येणाऱ्या बाष्पामुळे हवा अतिशय दमट होते आणि ही आर्द्रता पहाटेच्या सुमारास सर्वाधिक असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सायकलस्वार पहाटे चार वाजता निघतो तो थंडाव्याच्या समजुतीने. ऊन नसते हे खरे. पण घाम सुकतही नाही. एक लिटर घामाचे बाष्पीभवन झाले तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. तोच घाम थेंबाथेंबाने खाली गळाला तर शरीरातील उदक व लवण मात्र जाते, उष्णता आतच राहते. म्हणजे ही भूमी रूपाने जांगल आणि उन्हाळ्यातील पहाटे गुणाने आनूप आहे. केवळ 'वाळवंट' हा शब्द ऐकून वातपित्तशामक योजना लिहिणे म्हणजे देशपरीक्षा नव्हे.

सायकलीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. स्वार वेगात असेपर्यंत स्वतःच निर्माण केलेला वारा त्याच्या अंगावरील घाम सुकवतो. तो थांबला, किंवा वारा पाठीमागून वाहू लागला, किंवा तो अन्य स्वारांच्या आडोशाने चालू लागला की हे साहाय्य एकाएकी कमी होते. स्नायूंत निर्माण होणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम चतुर्थांश भाग चाकास मिळतो, उरलेली सर्व उष्णताच असते. त्यामुळे भोवळ बहुधा चालत्या सायकलीवर न येता थांब्यावर येते, आणि तोवर स्वार 'मला काहीच झाले नव्हते' असे सांगत असतो.

आता शास्त्राज्ञेचा विचार करू. वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीने शीतकाळी व वसंतात अर्धशक्ती व्यायाम करावा, अन्य काळी त्याहून मंद करावा, असे सांगितले आहे. ग्रीष्मचर्येत तर व्यायाम व सूर्यकिरण दोन्ही वर्ज्य सांगितले आहेत. ही आज्ञा कालबाह्य झाली आहे काय? व्यावसायिक सायकल शर्यतींचे वेळापत्रक पाहावे. २०१९ पासून होणारी संयुक्त अरब अमिरातीतील मोठी शर्यत फेब्रुवारीत असते. २०१६ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा कतारमधील दोहा येथे ऑक्टोबरमध्ये झाली, तेव्हा प्रशिक्षित स्वारांनाही उष्म्याचा त्रास झाला. त्याच देशांत उन्हाळी महिन्यांत भर दुपारी उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने मनाई आहे. अमिरातीत हा काळ १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन असा आहे. शासनास मजुरासाठी जे पटले आहे, ते हौशी स्वारास स्वतःसाठी पटवून देणे हे वैद्याचे काम आहे. जून ते सप्टेंबर या काळात कठोर सराव घरातील स्थिर सायकलीवर, पंख्यासमोर व वातानुकूलित खोलीत करावा, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगावे. उष्णतेची सवय करायचीच असेल तर ती दहा ते चौदा दिवसांत क्रमाक्रमाने करावी. सात्म्य घडवण्याचा पादांशिक क्रम आपणास नवा नाही.

परंतु 'ग्रीष्मात व्यायाम वर्ज्य' एवढे सांगून थांबणेही पुरेसे नाही. एप्रिल, मे आणि ऑक्टोबर हे महिने उरतातच. येथे एक सूक्ष्म प्रश्न उपस्थित होतो. त्याच ग्रीष्मचर्येत लवण, अम्ल व कटु रस टाळावेत असेही सांगितले आहे. काही वैद्यबंधू या आधारे मरुभूमीतील सायकलस्वारासही अल्पलवण आहार सुचवतात. माझे नम्र मत असे की हे सूत्राचे विच्छेदन होय. जो व्यायाम व ऊन या दोहोंपासून दूर आहे, त्याच्यासाठी लवणत्याग सांगितला आहे; तो उपदेश एकसंध आहे. ज्याने त्यातील पहिला भाग मोडला, त्यास दुसरा भाग तसाच लागू करणे तर्कास धरून नाही. उष्ण हवेत कष्टाचा व्यायाम करणाऱ्यास तासाला एक ते दोन लिटर घाम येऊ शकतो आणि दर लिटरमागे साधारण अर्धा ते दोन ग्रॅम सोडियम जाते. ही हानी केवळ पाण्याने भरून निघत नाही.

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या अशा रुग्णांपैकी एकाचे उदाहरण उद्बोधक आहे. वय ४४, पित्तकफ प्रकृती, शिस्तीचा माणूस. दीर्घ सरावानंतर शिरःशूल, हृल्लास, बोटांतील अंगठी घट्ट होणे अशा तक्रारी. त्याने स्वतःच 'पाणी कमी पडते' असा निष्कर्ष काढून पाण्याचे प्रमाण वाढवत नेले होते आणि तक्रारी वाढत होत्या. सरावापूर्वी व नंतर वजन करून कळवावे असे त्यास सांगितले. मे महिन्यातील चार तासांच्या सरावानंतर त्याचे वजन अर्ध्या किलोने वाढलेले आढळले. उष्ण वाळवंटात चार तास कष्ट करून ज्याचे वजन वाढते, त्याने गरजेहून अधिक पाणी प्यायले आहे, यात शंका उरत नाही. अशा वेळी रक्तातील सोडियम उतरते; ते फार उतरल्यास मेंदूस सूज येऊन प्राणावर बेतते. 'उन्हात भरपूर पाणी प्या' हा सल्ला निरुपद्रवी नाही, हे यावरून ध्यानात यावे. त्याचे प्रमाण तृष्णेनुसार व वजनानुसार बांधून दिले, पेयात लवण घातले, आणि तक्रारी शमल्या.

प्रमाण सोपे आहे. एक किलो वजन घटले म्हणजे स्थूलमानाने एक लिटर उदक गेले. घट शरीरभाराच्या दोन टक्क्यांच्या आत राहावी, म्हणजे ७० किलोच्या माणसात १४०० ग्रॅमपर्यंत. वजन वाढू मात्र कधीही नये. पेयासाठी एक लिटर पाण्यात पाव चहाचा चमचा मीठ, ४० ते ६० ग्रॅम साखर व लिंबाचा रस पुरेसा आहे. सैंधव घेतले तरी चालेल, पण त्यातही सोडियमच आहे, हे उच्चरक्तदाबाच्या रुग्णास सांगावे. घरी आल्यावर साखर घातलेले सातूचे पीठ, कोकमाचे सार, पन्हे हे आपले जुनेच उपाय उत्तम आहेत.

आत्ययिक अवस्थेविषयी दोन शब्द अत्यावश्यक आहेत. स्वेदवह स्रोतसांच्या दुष्टीत अतिव्यायाम, अतिसंताप व शीतोष्णाचे अक्रमसेवन ही कारणे आणि अस्वेद व अतिस्वेद ही दोन्ही लक्षणे चरकांनी सांगितली आहेत. आपल्या मनात उष्माघात म्हणजे कोरडी त्वचा असे चित्र ठसलेले असते. व्यायामजन्य उष्माघातात रुग्ण पुष्कळदा घामाने निथळत असतो. त्यामुळे घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नये. शरीराचे आतील तापमान ४० अंशांवर आणि त्यासोबत असंबद्ध बोलणे, तोल जाणे किंवा बेशुद्धी असेल तर तो उष्माघातच समजावा. अशा वेळी तप्त देहावर एकदम थंड पाणी नको, ते अक्रमसेवन होईल, ही शंका प्राणघातक ठरेल. तो नियम स्वस्थासाठी आहे. येथे पहिल्या अर्ध्या तासात बर्फाच्या पाण्यात बुडवून किंवा मिळेल तितके थंड पाणी ओतून वारा घालणे हीच चिकित्सा, आणि रुग्णालयात नेणे त्यानंतर. तसेच सरावानंतर मूत्र गडद चहासारखे झाले व स्नायू ताठरले तर गोक्षुर-पुनर्नव्याचा काढा न देता तत्काळ रुग्णालयात पाठवावे. तेथे स्नायुधातूचा नाश होऊन वृक्क धोक्यात आलेले असू शकतात.

औषधनिर्माते व औषधालयांचे चालक यांच्याशी थेट संबंध असलेला भाग आता सांगतो. हौशी स्पर्धकासही उत्तेजक द्रव्यांचे नियम लागू होऊ शकतात. प्रतिबंधित द्रव्यांची जागतिक यादी दरवर्षी १ जानेवारीस नव्याने लागू होते आणि द्रव्य शरीरात कसे आले याचा विचार न करता खेळाडूस जबाबदार धरले जाते. कुचल्यातील स्ट्रिक्नीन या यादीत स्पर्धाकाळासाठी प्रतिबंधित आहे. सायकलस्वाराचा कटिशूल पाहून आपण सहज विषतिंदुक वटी लिहितो. मंदाग्नीसाठी अग्नितुंडी वटी देतो. शोधनाने कुचल्याचे विष उणावते, नाहीसे होत नाही. श्वासाच्या काही योगांतील सोमलतेत एफेड्रीन असते. जातीफलादी चूर्णात भांग आहे, कर्पूर रसात अहिफेन आहे. या शेवटच्या दोन द्रव्यांच्या बाबतीत प्रश्न केवळ शर्यतीचा नाही. आखाती देशांत अशी औषधे जवळ बाळगणे हा गंभीर गुन्हा ठरू शकतो. तेथे स्वयंपाकातील खसखससुद्धा निषिद्ध आहे. वाळा म्हणजे खस आणि खसखस यांतील नामसाम्यामुळे उशीराच्या पाकिटावर केवळ 'खस' असे छापून नातेवाइकांच्या हाती देणे टाळावे. वनस्पतीचे पूर्ण नाव छापावे.

पंचकर्माचाही उल्लेख करणे प्राप्त आहे. रजेच्या पंधरवड्यात विरेचन उरकून घ्यावे, अशी या रुग्णांची इच्छा असते. संशोधनानंतरच्या परिहारकाळात वर्ज्य सांगितलेल्या आठ गोष्टींत रथक्षोभ व अत्यासन आहेत. चार तास सायकलीच्या खोगिरावर बसणे म्हणजे ही दोन्ही एकत्र. संसर्जनक्रम पूर्ण होऊन बल परत येण्याइतका अवधी रजेत नसेल तर शोधन पुढे ढकलावे आणि तसे स्पष्ट सांगावे. रुग्ण नाराज होईल. पण दुर्बल अग्नीने वाळवंटात सायकल चालवणारा रुग्ण आपल्या शास्त्राची अपकीर्ती करील, त्याहून हे बरे.

आपल्या संघटनेने एक पानाची सूचना तयार करावी, अशी माझी विनंती आहे. तीत परदेशी जाणाऱ्या रुग्णास देऊ नयेत असे योग, स्पर्धकास वर्ज्य द्रव्ये आणि उष्माघातातील तातडीचा उपचार एवढेच असावे. ती प्रत्येक सभासदाच्या मेजावर व प्रत्येक औषधालयाच्या गल्ल्याजवळ असावी. छापण्यास येणारा खर्च अत्यल्प आहे. तोवर आपण प्रत्येकाने एवढे अवश्य करावे की परतीच्या विमानाची तारीख विचारल्यावाचून आखातातील रुग्णाचे औषधपत्र पूर्ण करू नये.