गावाला शहर कोण म्हणणार?

मयूर विहार मागे टाकून नोएडात शिरणाऱ्या माणसाला रस्ता बदलल्याचे जाणवत नाही; त्याचा नागरी दर्जा मात्र तेवढ्यात बदललेला असतो. दिल्लीच्या हद्दीत तो महापालिकेचा मतदार असतो. सीमेपलीकडे लोकसभा आणि विधानसभा या दोनच थेट निवडणुका त्याच्या वाट्याला येतात. केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त होऊन तेथे सदनिका घेणाऱ्या मराठी अधिकाऱ्याला हे बहुधा तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन नगरसेवक शोधताना उमगते. २०११ च्या जनगणनेत नोएडाची लोकसंख्या ६ लाख ३७ हजारांवर होती. एवढ्या मोठ्या वस्तीची नोंद जनगणनेने ‘वैधानिक नगर’ म्हणून नव्हे, तर ‘जनगणना नगर’ म्हणून केली. शहराची सारी लक्षणे आहेत, पण नगरपालिका नाही, अशा वस्त्यांचा हा रकाना आहे.

एखादी वस्ती गाव की शहर, हे या देशात दोन वेगवेगळ्या तराजूंनी मोजले जाते. पहिला तराजू जनगणनेचा. लोकसंख्या किमान ५ हजार, घनता प्रति चौरस किलोमीटर किमान ४०० आणि मुख्य पुरुष कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात, या तीन अटी पुऱ्या झाल्या की वस्ती नागरी ठरते. (स्त्रियांच्या कामाला या हिशेबात आजही जागा नाही.) दुसरा तराजू राज्य सरकारचा. ‘स्थानिक शासन’ हा विषय राज्यसूचीतला असल्यामुळे नगरपालिका देणे वा न देणे ही राज्याची मर्जी. पहिल्या तराजूत बसलेल्या वस्तीला दुसऱ्या तराजूतही बसवलेच पाहिजे, असे कोणताही कायदा सांगत नाही.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २००१ मध्ये देशात ३,७९९ वैधानिक नगरे होती, ती २०११ मध्ये ४,०४१ झाली. याच दशकात जनगणना नगरे १,३६२ वरून ३,८९४ वर गेली. म्हणजे दहा वर्षांत अडीच हजारांहून अधिक वस्त्या प्रत्यक्षात शहर बनल्या आणि राज्यांनी नव्याने शहर म्हणून मानल्या त्या निव्वळ अडीचशेच्या आत. पश्चिम बंगालमध्ये २०११ साली ७८० जनगणना नगरे होती, तर वैधानिक नगरे अवघी १२९. महाराष्ट्रातही जनगणना नगरांनी (२७८) वैधानिक नगरांना (२५६) मागे टाकले होते. या वस्त्यांचा कारभार ग्रामपंचायतीच पाहतात. चार मजली इमारतींना परवानगी, सांडपाणी, कचरा हे सारे ग्रामसेवकाच्या दफ्तरातून चालते.

१९९३ च्या १ जूनला ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली तेव्हा ही विसंगती संपेल अशी अपेक्षा होती. अनुच्छेद २४३-क्यू ने तीन पायऱ्या घालून दिल्या: गावातून शहराकडे निघालेल्या संक्रमणात्मक क्षेत्रासाठी नगरपंचायत, लहान नागरी क्षेत्रासाठी नगरपरिषद आणि मोठ्यासाठी महानगरपालिका. पायऱ्यांची उंची मात्र घटनेने ठरवली नाही. लोकसंख्या, घनता, स्थानिक महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण, आर्थिक महत्त्व ‘किंवा राज्यपालांना योग्य वाटतील असे इतर घटक’ लक्षात घेऊन क्षेत्र अधिसूचित करावे, एवढेच म्हटले. राज्यपाल म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळ. आणि मंत्रिमंडळाला योग्य काय वाटते, हे बहुधा दोन गोष्टींवर ठरते: निधी कोठून येतो आणि मते कोठे जातात.

निधीचे गणित तामिळनाडूने उघडपणे मांडले. २००४ मध्ये जयललिता सरकारने साडेपाचशेहून अधिक नगर पंचायतींचे रूपांतर ग्रामपंचायतींत केले, कारण ग्रामीण विकासाचा केंद्रीय निधी त्या दर्जालाच मिळत होता. २००६ मध्ये सत्तांतर झाले आणि करुणानिधी सरकारने त्यांना पुन्हा नगर पंचायती केले. दोन वर्षांत त्या वस्त्यांत शेती वाढली नव्हती की कारखाने घटले नव्हते. हा हिशेब केवळ राज्य सरकारचा नसतो, गावकऱ्यांचाही असतो. शहर झाल्यावर मालमत्ता कर वाढतो, बांधकामाचे नियम कडक होतात आणि ग्रामीण रोजगार, ग्रामीण रस्ते अशा योजनांचा हक्क जातो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी आणि शहरी संस्थांना १ लाख २१ हजार ५५ कोटी रुपयांची शिफारस केली होती. नुकत्याच शहर झालेल्या छोट्या वस्तीला दुसऱ्या रकान्यात बरेच मोठे वाटेकरी भेटतात. तेव्हा ‘आम्हांला गावच राहू द्या’ म्हणणारा मोर्चा अडाणी नसतो. त्याने आपला हिशेब केलेला असतो.

दिल्लीतील गावांचा हिशेब याहून अवघड आहे. राजधानीत २००१ मध्ये १६५ गावे आणि ५९ जनगणना नगरे होती. २०११ मध्ये गावे ११२ उरली आणि जनगणना नगरे ११० झाली. या गावांना ग्रामपंचायतीचे छत्रही नाही, कारण १९९० पासून दिल्लीत निवडून आलेल्या पंचायती नाहीत. महापालिका कायद्याच्या कलम ५०७ खाली अधिसूचना निघाली की ग्रामीण क्षेत्र नागरी होते. त्याबरोबर तेथे दिल्ली जमीन सुधारणा कायदा १९५४ लागू राहत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. खासगी जमीनधारकाला यात फायदा असू शकतो, कारण शेतजमिनीच्या वापरावरील बंधने सुटतात. परंतु गावसभेच्या सामायिक जमिनीचे, गायरानाचे आणि जोहडांचे काय? संपूर्ण गावसभेचे क्षेत्र नागरी झाल्यावर तिची मालमत्ता केंद्र सरकारकडे जाते आणि तेथून बहुधा दिल्ली विकास प्राधिकरणाच्या ताब्यात. म्हणजे एका अधिसूचनेने वस्तीचे वर्गीकरणच नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या सामायिक असलेल्या जमिनीचा मालकही बदलतो. राजधानीतील प्रशासकीय भाषेत या प्रक्रियेला ‘नागरीकरण’ असे निरुपद्रवी नाव आहे.

नोएडाची गोष्ट याहून निराळी, कारण तेथे पायरी चढण्याचा प्रश्नच मिटवण्यात आला. २४३-क्यू मध्ये एक परंतुक आहे. एखाद्या भागात औद्योगिक आस्थापना नागरी सेवा पुरवत असेल वा पुरवणार असेल, तर राज्यपाल तो भाग ‘औद्योगिक नगरी’ म्हणून विनिर्दिष्ट करू शकतात. मग तेथे नगरपालिका स्थापन करण्याची आवश्यकता उरत नाही. पोलाद कारखान्यांच्या वसाहती डोळ्यांसमोर ठेवल्या, तर या तरतुदीचा अर्थ लागतो. १९७६ च्या उत्तर प्रदेश औद्योगिक क्षेत्र विकास कायद्याखाली जन्मलेले नोएडा प्राधिकरण मात्र कारखाना नव्हे. ते जमीन संपादून भूखंड वाटणारे सरकारी मंडळ आहे. तरीही २४ डिसेंबर २००१ च्या अधिसूचनेने नोएडा औद्योगिक नगरी ठरले. कारभार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे राहिला आणि पुढे तेथील गावांच्या ग्रामपंचायतीही संपल्या. उंच इमारतीतील रहिवासी आणि जमीन दिलेला गुर्जर शेतकरी यांच्यात एरवी फारसे साम्य नाही. स्थानिक मताचा अधिकार नसणे ही त्यांची समान मिळकत झाली.

या अधिसूचनेचा गमतीचा भाग पुढे आला तो प्राप्तिकराच्या प्रकरणात. कर आकारणीचा प्रश्न येताच प्राधिकरणाने आपण ‘स्थानिक प्राधिकारी’ आहोत, म्हणजे नगरपालिकेसारखेच आहोत, असा दावा केला. निवडणुकीच्या वेळी नगरपालिका नको आणि कराच्या वेळी हवी, असा हा पवित्रा होता. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. औद्योगिक नगरी हा नगरपालिकेचा प्रकार नसून तिचा अपवाद आहे, हा त्या निकालाचा आशय. ऑगस्ट २०२५ मध्ये भूसंपादन मोबदल्यातील गैरव्यवहाराच्या सुनावणीत याच न्यायालयाने नोएडासाठी महानगर परिषदेसारख्या नागरिककेंद्री रचनेचा विचार करण्यास उत्तर प्रदेश सरकारला सांगितले. पंचवीस वर्षे जी गोष्ट राजकीय पक्षांनी मागितली नाही ती न्यायालयाला सुचवावी लागली. पक्षांच्या मौनाचे कारण अवघड नाही: प्राधिकरणाचे भूखंड लखनौतून हाताळता येतात, सभागृहातील नगरसेवक तितके सहज हाताळता येत नाहीत.

नागरिकाला या निर्णयांत बोलण्याची जागा किती? उत्तर महाराष्ट्रातील एका प्रकरणात सापडते. कल्याण महापालिकेच्या मूळ प्रस्तावात उल्हासनगरही होते. तेथील विरोधानंतर ते वगळण्यात आले. उल्हासनगरला वगळता, मग आमचे का ऐकत नाही, असा प्रश्न इतरांनी न्यायालयात नेला. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की महापालिकेची हद्द ठरवणे हे वैधानिक स्वरूपाचे कार्य आहे. कायद्यात सांगितले आहे त्यापलीकडे प्रत्येकाला सुनावणी देण्यास सरकार बांधील नाही. हा सिद्धान्त आजही राज्यांच्या हाताशी आहे. त्याच कल्याणच्या परिसरातील २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. २०२० मध्ये त्यांतील १८ गावे स्वतंत्र नगरपरिषदेसाठी वेगळी काढली, तेव्हा डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेशी कायद्याने आवश्यक असलेली सल्लामसलत झाली नाही म्हणून ती अधिसूचना रद्द केली. सुनावणीचा हक्क नाही, पण कायद्याने घातलेली पायरी चुकवता येत नाही, एवढीच फट नागरिकासाठी उरली आहे.

संसदेने कायदा केला की तीही बुजते. दिल्ली महापालिकेचे २०११ च्या कायद्याने तीन तुकडे झाले. उत्तर आणि पूर्व महापालिका पगार देण्यासही असमर्थ ठरल्या. मार्च २०२२ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने निवडणुकीच्या तारखा जाहीर करण्याच्या बेतात असताना केंद्राचे पत्र आले आणि घोषणा लांबली. मग संसदेने एकत्रीकरणाचा कायदा केला, मे महिन्यात तो अमलात आला, प्रभाग २७२ वरून २५० झाले आणि मतदान डिसेंबरात झाले. आर्थिक कारण खरे होते. निवडलेला मुहूर्तही तितकाच खरा होता.

२०२७ च्या जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दींतील फेरबदल ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत करून त्या गोठवण्याची मुदत राज्यांना देण्यात आली होती. त्या दिवशी जी वस्ती ज्या रकान्यात होती, त्याच रकान्यात तिची माणसे मोजली जातील, आणि १ मार्च २०२७ या संदर्भदिनाचे आकडे पुढच्या वित्त आयोगांच्या व मतदारसंघ पुनर्रचनेच्या टेबलावर जातील. नोएडातील सदनिकाधारक त्या आकड्यांत शहरी म्हणून मोजला जाईल. त्याच्या गटाराची तक्रार मात्र तोवरही प्राधिकरणाच्या कार्यालयातच जाईल.