भला राजा आणि दुभंगलेलें राज्य

गेल्या अंकांत इंग्लंडच्या पांचव्या हेन्रीचा फ्रान्समधील पराक्रम आपण पाहिला. तो लेख वाचून घरच्याच धाकट्या सुनेनें मला विचारलें, “मामंजी, बाप एवढा शूर आणि मुलगाही देवभोळा, सज्जन, मग त्या मुलाच्याच कारकीर्दींत भाऊबंद एकमेकांच्या जिवावर कां उठले?” प्रश्न मार्मिक आहे. शाळेंत इतिहास शिकवितांना ‘राजा दुर्बळ होता’ एवढेंच उत्तर मी देत असें व मुलें तें पाठ करीत. आज तें मला अपुरें वाटतें.

बहुतेक पुस्तकांत या यादवीचें मूळ गादीच्या वादांत दाखविलेलें असतें. १३९९ सालीं लँकॅस्टरच्या हेन्रीनें आपला चुलतभाऊ दुसरा रिचर्ड यास पदच्युत करून राज्य घेतलें. या घराण्याचा मूळ पुरुष जॉन हा तिसऱ्या एडवर्डचा पुत्र; परंतु त्याचा वडील भाऊ लायोनेल याचा वंश कन्येच्या द्वारें चालत येऊन यॉर्कच्या रिचर्डपर्यंत पोंचला होता. म्हणजे स्त्रीवंश मान्य केला तर यॉर्कचा हक्क वरचढ, न केला तर लँकॅस्टरचा. १४१५ सालीं याच हक्काच्या नांवानें एक कट झाला. त्यांत रिचर्डच्या बापाचा शिरच्छेद झाला, आणि प्रकरण तेथेंच मिटलें. पुढें खुद्द रिचर्डनें सहाव्या हेन्रीचा प्रतिनिधि म्हणून फ्रान्समध्यें चाकरी केली. त्यानें गादीवर उघड हक्क सांगितला तो १४६० सालीं, म्हणजे पहिली लढाई होऊन पांच वर्षें लोटल्यावर. तेव्हां हक्काचा वाद हें केवळ सरपण होतें. ठिणगी दुसरीकडून पडली.

आपल्या नीतिशास्त्रकारांनीं राज्याचीं सात अंगें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं स्वामी, अमात्य, कोश व दंड हीं चार येथें क्रमानें खिळखिळीं झालेलीं दिसतात.

स्वामीची गोष्ट अशी. सहावा हेन्री १४२२ सालीं गादीवर आला तेव्हां अवघ्या नऊ महिन्यांचा होता. पंधरा वर्षें चुलते व सरदार यांच्या मंडळानें कारभार पाहिला, आणि आपसांत मतभेद असूनही बराच नीट पाहिला. १४३७ सालापासून राजा स्वतः कारभार पाहूं लागला. तो धर्मशील होता, क्षमाशील होता, विद्येचा चाहता होता. ईटनची शाळा १४४० सालीं व केंब्रिजचें किंग्ज कॉलेज १४४१ सालीं त्यानेंच स्थापिलें. परंतु मागेल त्याला देणें व जवळ असेल त्याचें ऐकणें हा त्याचा स्वभाव पडला.

जवळ असलेले अमात्य म्हणजे प्रथम सफक व मागाहून सॉमरसेट. १४४५ सालीं आंजूच्या मार्गारेटशीं राजाचा विवाह झाला. फ्रान्सशीं सलोखा व्हावा म्हणून राजानें मेन हा प्रांत देऊं केला, व १४४८ सालीं तो हातचा गेला. पाठोपाठ १४५० पर्यंत नॉर्मंडी गेली. ती ज्याच्या सेनापतित्वाखालीं गेली तो सॉमरसेटच दरबारांत सर्वश्रेष्ठ ठरला. आणि ज्यानें पदरचा पैसा ओतून फ्रान्समध्यें काम केलें त्या यॉर्कला आयर्लंडांत धाडण्यांत आलें. सरकारकडे त्याचें येणें सुमारें ३८,००० पौंड थकलें होतें.

तें फिटणार तरी कोठून? राजावर ३,७२,००० पौंडांचें कर्ज झालें होतें. घरखर्च वर्षाला २४,००० पौंड आणि नेमस्त उत्पन्न ५,०००, असा हिशेब पार्लमेंटपुढें मांडला गेला. १४५० सालीं सफकचा समुद्रावर खून झाला, आणि केंटमधील लोक जॅक केडच्या मागें लंडनवर चालून आले. दुष्ट सल्लागार काढून राजाच्या नातलगांस जवळ करावें, ही त्यांची मागणी होती. राजा नको असें ते म्हणत नव्हते.

राहिला दंड. मोठमोठे सरदार आपल्या बिल्ल्याचे व पोशाखाचे शेंकडों लोक पदरीं बाळगीत, आणि त्या माणसांचा धाक न्यायालयांतील पंचांवरही बसे. उत्तरेंत नेव्हिल व पर्सी या घराण्यांचा झगडा १४५३ सालीं उघड चकमकींपर्यंत आला. अशा वेळीं दोघांस समोर उभें करून निवाडा देणारा एकच अधिकारी असतो, तो राजा. त्यानें निवाडा दिला नाहीं म्हणजे प्रत्येक जण आपापला पाठीराखा शोधतो. नेव्हिल यॉर्ककडे गेले, पर्सी सॉमरसेटकडे. चार ठिकाणचीं किरकोळ भांडणें मिळून दोन पक्ष झाले.

१४५३ च्या जुलैंत कास्तियाँ येथें फ्रान्समधील शेवटची मोठी लढाई इंग्रज हरले, आणि ऑगस्टांत राजाची शुद्धि हरपली. त्याच्या आईचा बाप, फ्रान्सचा सहावा चार्ल्स, हाही वेडा होता. ऑक्टोबरांत पुत्र झाला, तो पुढें आणला तरी बापाला कळेना. यॉर्क राज्यरक्षक झाला व सॉमरसेट कैदेंत पडला. १४५४ च्या नाताळांत राजा शुद्धीवर आला, सॉमरसेट सुटला, आणि २२ मे १४५५ रोजीं सेंट ऑल्बन्सच्या रस्त्यांत पहिलें रक्त सांडलें. सॉमरसेट पडला, राजाच्या मानेला बाण लागला.

राजाचें मन तरीही सलोख्याचेंच. २५ मार्च १४५८ रोजीं त्यानें लंडनमध्यें प्रेमदिन करविला. वैऱ्यांनीं हातांत हात घालून, राणीनें यॉर्कचा हात धरून, सेंट पॉलच्या मंदिराकडे मिरवणूक नेली. कांहीं भरपाई ठरली, परंतु मूळ गाऱ्हाण्यांचा निकाल लागला नाहीं. पुढच्याच वर्षीं शस्त्रें बाहेर आलीं. १४६० च्या तहांत यॉर्क वारस ठरला व राणीचा पुत्र बाजूस सारला गेला. मग ती आई कशी गप्प बसेल? वर्षअखेर वेकफील्डला यॉर्क मारला गेला, आणि २९ मार्च १४६१ रोजीं टाउटनला त्याच्या मुलानें राज्य जिंकलें. १४७१ सालीं हेन्रीचा पुत्र रणांत व हेन्री स्वतः किल्ल्यांतील कैदेंत मारला गेला. ‘गुलाबांचीं युद्धें’ हें गोड नांव फार मागाहूनचें आहे.

सूनबाईंना मी हें सर्व सांगितलें, आणि मग एक घरचीही गोष्ट सांगितली. वडिलांच्या पश्चात् मी घरांतील थोरला. दोघां धाकट्या भावांत विहिरीच्या पाण्यावरून कुरबूर सुरू झाली. दोघेही मला प्रिय. कोणाची पाळी व कोणाची चूक हें मला पक्कें ठाऊक होतें. पण “सांभाळून घ्या” यापलीकडे मी बोललों नाहीं. सणावारीं दोघांस एका पंक्तीला बसविलें कीं मला वाटे, सर्व ठीक आहे. तीन वर्षांनीं वाटणी झाली, आणि दोघांचाही राग माझ्यावरच राहिला. तेव्हां मी त्या मौनाला चांगुलपणा म्हणत असें. आज म्हणवत नाहीं.