छत नसलेल्यांची सौरऊर्जा

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ ही मोफत वीज योजना आणली. एक कोटी घरांवर सौर पॅनेल बसवायचे, त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपये खर्च करायचे आणि तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान द्यायचे, असा तिचा आवाका आहे. योजना चांगली आहे आणि ती वाढायलाच हवी. पण तिच्यातून दोन गोष्टी निसटतात. पहिली उघड आहे: अनुदान ज्याच्या मालकीचे छप्पर आहे त्याला मिळते. भाडेकरू, चाळीतले कुटुंब, सातव्या मजल्यावरचा फ्लॅटधारक, वसतिगृहातला विद्यार्थी यांच्या हाती स्वतःची अशी सौर वीज त्यातून सहसा येत नाही. सोसायट्यांना सामायिक दिवे आणि पंपांसाठी अनुदान आहे, पण ती वीज जिन्यापर्यंत येऊन थांबते. दुसरी गोष्ट मात्र पॅनेल बसवून घेतलेल्या अनेकांनाही ठाऊक नसते. महावितरणच्या जाळ्याला जोडलेला, बॅटरी नसलेला सौर संच लाइट गेली की स्वतःही बंद पडतो. ही त्रुटी नाही. ती जाणीवपूर्वक केलेली सोय आहे. खांबावर चढून तार जोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या अंगावर एखाद्या घराच्या छतावरून वीज येऊ नये, यासाठी इन्व्हर्टरने क्षणात थांबलेच पाहिजे. परिणाम असा, की भर दुपारी ऊन ओसंडत असताना छतावर तीन किलोवॅटची पॅनेल असतात आणि खाली पंखा बंद असतो.

म्हणजे जाळे कोसळते तेव्हाच ही वीज उपयोगी पडत नाही, आणि जाळे कोसळणे आपल्याकडे दुर्मीळ राहिलेले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावांना वीज परत मिळायला आठवडे लागले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आले, जुलैत चिपळूण पाण्याखाली गेले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी तर मुंबईसारख्या शहराची वीज काही तास गेली होती. अशा दिवसांत माणसाला लागणारी वीज फार थोडी असते. फोन चार्ज व्हावा, रात्री दोन दिवे लागावेत, आजारी माणसाला पंखा मिळावा, दमा असलेल्या मुलाचे नेब्युलायझर चालावे, रेडिओवर पावसाचा अंदाज ऐकू यावा. एवढी वीज दोन हातांनी उचलता येईल अशा पेटीत मावते आणि ती पेटी घरी बांधता येते. महाराष्ट्रात हे कौशल्य घरोघरी पोचावे आणि सरकारने ते सुरक्षितपणे पोचवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी हिशेब पाहू, कारण या विषयात फसगत होते ती हिशेब न केल्यामुळे. तीस वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा दहा तास चालला तर ३०० वॅट-तास लागतात. नऊ वॅटचे तीन दिवे पाच तास, म्हणजे १३५. दहा वॅटचा वायफाय राउटर दिवसभर, म्हणजे २४०. तीन फोनांचे साठ धरा. एकूण साधारण ७३५ वॅट-तास, म्हणजे पाऊण युनिटही नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचे ३.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाचे चार सेल एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्टची बॅटरी तयार होते. तिच्यात १,२८० वॅट-तास साठतात. इन्व्हर्टरमध्ये जाणारी घट धरूनही एक दिवस-रात्र निभावते आणि थोडी वीज उरते. दोनशे वॅटचे पॅनेल महाराष्ट्रातल्या स्वच्छ उन्हाळी दिवशी रोज साडेसातशे वॅट-तासांच्या आसपास देते, म्हणजे जेवढे खर्च झाले तेवढे परत भरते. साधा जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो. तो तसाच ठेवला तर हा सगळा ताळेबंद मोडतो. म्हणून या कामाची सुरुवात बॅटरीच्या खरेदीपासून न करता पंख्यापासून करावी. गिझर, इंडक्शन शेगडी, पाण्याचा पंप ही कामे या पेटीची नव्हेत, हेही आधीच मनाशी पक्के करावे.

घरातल्या इन्व्हर्टरखालची शिसे-आम्लाची बॅटरी आपल्या परिचयाची आहे. तीही हे काम करते, पण दीडशे अँपिअर-तासाच्या ट्युब्युलर बॅटरीचे वजन पन्नास किलोच्या पुढे जाते. ती निम्म्याहून अधिक रिकामी करत राहिले तर आयुष्य घटते, आणि तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालत राहावे लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटचे तसे नाही. १९९७ मध्ये संशोधक जॉन गुडइनफ आणि अक्षय पाधी यांच्या गटाने त्याचा बॅटरीतला धनाग्र म्हणून उपयोग जगापुढे मांडला, तेव्हा पुढे तो सामान्य माणसाच्या घरापर्यंत येईल असे कोणाला वाटले नसावे. आज त्याचे चार सेल मिळून आठ किलोच्या आसपास भरतात, दोन हजारांहून जास्त वेळा भरता-रिकामे करता येतात आणि जवळजवळ तळापर्यंत वापरता येतात. फॉस्फेटमधला ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्याने मोबाइल-लॅपटॉपमधल्या लिथियम सेलपेक्षा हे सेल उष्णतेला बरेच जास्त सहनशील असतात. ही पेटी आता शक्य झाली ती याच सेलमुळे.

मग बाजारात तयार पेटी मिळत असताना ती स्वतः का बांधायची? पैसे वाचतात हे कारण खरे असले तरी माझ्या लेखी दुय्यम आहे. खरे कारण दुरुस्ती. तयार पेट्यांमध्ये चार्जर, इन्व्हर्टर आणि बॅटरी एकाच सर्किटभोवती बांधलेले असतात. एक भाग गेला की अख्खी पेटी सेवा केंद्राकडे जाते, आणि ते केंद्र दापोलीत किंवा गडचिरोलीत नसते. घरी बांधलेल्या पेटीत पॅनेल, चार्ज कंट्रोलर, सेल, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारी बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा), फ्यूज आणि इन्व्हर्टर हे सुटे असतात. बिघडलेला तेवढाच भाग बदलता येतो आणि कोणता बिघडला हे साध्या मल्टिमीटरने कळते. शिवाय बांधणाऱ्याला आपल्या पेटीची ताकद आणि मर्यादा आकड्यांत ठाऊक असतात. आपत्तीच्या काळात हे ज्ञान बॅटरीइतकेच मोलाचे ठरते, कारण उरलेल्या विजेत काय चालवायचे आणि काय बंद ठेवायचे, हे तेव्हा कोणाला विचारता येत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. फॉस्फेट सेल पेटतच नाहीत असे विक्रेते सांगतात ते खोटे आहे. ते सहजी पेटत नाहीत, पण बिघडले तर ज्वालाग्राही वायू सोडतात. त्याहून मोठा धोका सेलच्या बाहेर, जोडणीत असतो. बारा व्होल्टचा झटका जाणवत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात, पण व्होल्ट कमी असले की त्याच वॅटसाठी अँपिअर जास्त लागतात. सहाशे वॅटचा भार चालवताना या बॅटरीतून पन्नास अँपिअर धावतात. एखादा नट सैल राहिला आणि त्या सांध्यात एक शतांश ओहम इतका क्षुल्लक रोध आला, तर तेथे पंचवीस वॅट उष्णता तयार होते. दुरुस्तीच्या दुकानातला छोटा सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच वॅटचा असतो. प्लास्टिकच्या बंद पेटीत तो तासभर चालू ठेवल्यावर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून तार जाड हवी, तारेच्या टोकांचे लग क्रिंपिंगच्या अवजाराने दाबलेले हवेत आणि बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून डीसी प्रवाहासाठी बनवलेला फ्यूज हवा. घरातल्या बोर्डावरचा एमसीबी येथे चालत नाही. घरची एसी वीज सेकंदात शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे तुटताना पडलेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही आणि ठिणगी जळत राहते. बीएमएस न लावता सेल वापरणे हा निव्वळ अविचार आहे, कारण कोणताही सेल ३.६५ व्होल्टच्या वर आणि २.५ च्या खाली जाऊ न देणे हे काम तोच करतो. भंगारातल्या ई-रिक्षाचे किंवा लॅपटॉपचे सेल घरात आणू नयेत. पॅनेल उन्हात ठेवावे, पेटी मात्र सावलीत. विदर्भातल्या मे महिन्यात तर तिला हवेशीर कोपराच हवा. आणि पेटीची वीज दोन्ही टोकांना पिन असलेल्या वायरने घराच्या सॉकेटमध्ये कधीही सोडू नये. मुख्य स्विच चुकून चालू राहिला तर ती ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाऊन हजारो व्होल्ट होते, आणि वादळानंतर भर पावसात आपल्यासाठीच खांबावर चढलेला महावितरणचा जनमित्र मरतो.

एवढे धोके असतील तर बंदीच घाला, असे कोणी म्हणेल. पण लोक आजही बांधत आहेत. सेल ऑनलाइन मिळतात, चित्रफिती पाहून जोडले जातात. बंदीने हे थांबणार नाही, फक्त फ्यूज न लावणारे वाढतील. त्यापेक्षा धोक्याचा एक मोठा भाग रचनेतूनच काढून टाकता येतो, आणि याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. दिवे, फोन, राउटर, कित्येक बीएलडीसी पंखे मुळात डीसीवरच चालतात. बॅटरीची वीज आधी २३० व्होल्ट एसी करायची आणि मग अ‍ॅडॅप्टरने पुन्हा डीसी करायची, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी दहा-वीस वॅट पितो. चोवीस तासांत ते २४० ते ४८० वॅट-तास होतात, म्हणजे आपल्या बॅटरीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडी जास्त वीज काहीही न चालवता संपू शकते. घरी बांधणाऱ्याने पहिली पेटी इन्व्हर्टरशिवायच बांधावी, असे मी आग्रहाने म्हणेन. २३० व्होल्टचा झटका बसण्याची शक्यता संपते, खर्च कमी होतो आणि तीच वीज जास्त वेळ पुरते. नेब्युलायझरसारख्या एखाद्या उपकरणासाठी छोटा, तयार, प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर नंतर जोडता येतो आणि काम झाले की बंद ठेवता येतो.

पैशांचा आक्षेपही टाळण्यासारखा नाही. ही पेटी वीजबिल वाचवण्यासाठी बांधायची असेल तर बांधूच नये. ती रोज पूर्ण वापरली तरी फार तर एक युनिट वाचते. युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास. यातून भांडवल सुटायला बरीच वर्षे जातात. अग्निशामक सिलिंडर किंवा प्रथमोपचार पेटी घेताना आपण परतावा मोजत नाही. हिचेही मूल्यमापन त्याच रकान्यात व्हायला हवे. ज्या कुटुंबाला एकट्याने हे परवडत नाही त्यांच्यासाठी एका वाडीत, एका चाळीत मिळून एक पेटी ठेवता येईल. फोन चार्ज करायला आणि आजाऱ्याच्या उशाशी न्यायला ती पुरेल. हलवता येते हाच तर तिचा गुण.

पावसाळ्याचा आक्षेप मात्र खरोखर जड आहे. वादळ आणि पूर येतात तेव्हाच ढग असतात. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये पॅनेल उन्हाळ्याच्या निम्मी, कित्येक दिवशी त्याहूनही कमी वीज देते. याचे उत्तर पॅनेल मोठे घेणे आणि वापर अर्ध्यावर आणणे हे आहे. चारशे वॅटचे पॅनेल ढगाळ दिवशीही काही शे वॅट-तास देते, आणि ते दिवे-फोन यांना पुरतात; पंखा त्या दिवसांत तसाही कमी लागतो. शिवाय हवामान खात्याचा इशारा दोन-तीन दिवस आधी मिळतो. तेव्हाच भिंतीवरच्या सॉकेटमधून योग्य चार्जरने बॅटरी काठोकाठ भरून ठेवली की उन्हावाचूनचा पहिला दिवस सुखरूप जातो. पॅनेल घट्ट बांधावे किंवा वादळात घरात घ्यावे. छपरावर कायम बसवलेल्या पॅनेलला ही सवलत नसते.

सरकारने यात करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण लिथियम बॅटरीवर तो १८ टक्केच आहे. साठवण नसेल तर सौर वीज संध्याकाळी संपते, हे धोरण आखणाऱ्यांना ठाऊक आहे. मग हा फरक कशासाठी, याचे पटणारे कारण दिसत नाही. दुसरे काम आयटीआयचे. इलेक्ट्रिशियन आणि वायरमनचे अभ्यासक्रम तेथे आधीपासून आहेत, पॅनेल बसवणारे ‘सूर्यमित्र’ घडवण्याचा कार्यक्रमही देशात चालू आहे. बॅटरीची जोडणी, डीसी फ्यूज, क्रिंपिंग एवढ्याचा आठवड्याभराचा वर्ग तालुक्याच्या आयटीआयने सर्वांसाठी खुला करावा आणि घरी बांधलेली पेटी नाममात्र शुल्कात तपासून तिच्यावर तारखेचा शिक्का मारून द्यावा. भार टाकून सांधे किती तापतात ते बघायचे, बीएमएस वेळेवर तोडतो का ते पाहायचे. हे काम अर्ध्या दिवसात होते. विमा कंपन्या आणि सोसायट्यांनाही मग विचारायला एक कागद राहील. तिसरी बाब सुट्या सेलच्या विक्रीची. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे आणि ग्राहकानेही ती ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही. पण सुटे सेल विकणाऱ्याकडे ना चाचणीचा अहवाल असतो, ना परत घेण्याची व्यवस्था. सेलवर उत्पादनाची तारीख आणि मोजलेली क्षमता असल्याशिवाय तो विकता येऊ नये, आणि विकणाऱ्याने जुना सेल पावती देऊन परत घ्यावा, ही सक्ती आता, घरोघरी पेट्या होण्याआधीच, लागू करावी.