थंडी आमची, अंधार तुमचा

पहिल्या पाळीच्या सायकलवाल्यांनो, आणि सातच्या ठोक्याला त्यांना गेटात उभे पाहू इच्छिणाऱ्या साहेबांनो,

डिसेंबर लागला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर पारा उतरतो. निफाडला किती, नाशिकला किती, कालपेक्षा किती घसरला. सोबतचा फोटो ठरलेला असतो, द्राक्षबागेत पहाटे पेटवलेल्या शेकोट्यांचा. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी रात्र रात्र जागतो, पहाटे ठिबकने पाणी सोडतो, बागेत धूर करतो. बरोबरच आहे त्याचे. वर्षाचे पीक वेलीवर लटकलेले असते. पण त्याच पहाटे, सव्वासहाला, सिडकोतून, अशोकनगरातून, पाथर्डी फाट्याकडून माणसे सायकलला डबा अडकवून सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे निघालेली असतात. त्यांचा फोटो आजवर कोणी काढला नाही. काढायला गेला असता तरी आला नसता म्हणा. तिथे उजेडच नसतो.

थंडीबद्दल आमची तक्रार नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पत्रक हातात पडल्याबरोबर कोणीतरी म्हणणार, एवढी थंडी वाजते तर बाईक घ्या. बाईकवर थंडी जास्त वाजते, हे बाईकवाल्यालाच विचारा. सायकलवर पहिली दहा मिनिटे वाईट जातात. सीट दवाने ओली असते, म्हणून तिच्यावर रात्री प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवायची. रात्रीच्या गारठ्याने टायर सकाळी थोडे मऊ लागते, म्हणून हवा आदल्या संध्याकाळीच जरा जास्त भरायची. दवाने रिम ओली झाली की ब्रेकचे रबर सटकते. दोन-तीनदा दाबून पाहिल्याशिवाय उतार धरायचा नाही. हवा १० अंशांवर असताना ताशी १५ किलोमीटरने सायकल हाकली, तर अंगाला ती ८ अंशांसारखी लागते. हा हिशेब हवामानवाल्यांच्या सूत्राचा आहे, माझ्या दातांचा नाही. पण त्रिमूर्ती चौक ओलांडेपर्यंत अंग तापते, आणि अर्ध्या वाटेत माकडटोपी काढून खिशात घालावी लागते. पाय फिरवणाऱ्याला थंडी फार वेळ धरून ठेवू शकत नाही. राहतात फक्त बोटे आणि कान. लोकरीच्या हातमोज्यांतून वारा सरळ आत येतो, तेव्हा त्यांच्यावरून दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवायच्या. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्र घडी करून ठेवले की वारा अडतो. हे पत्रक वाचून झाले की त्यालाही तीच जागा आहे.

एवढे सगळे आम्ही आमच्या अकलेने आणि आमच्या खर्चाने करतो. थंडी आमची, ती आम्ही सांभाळतो. अंधाराचे मात्र आमच्या हातात काही नाही.

घड्याळ समजून घ्या. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे. नाशिक त्याच्या बरेच पश्चिमेला, ७४ अंशांच्या जरासे अलीकडे. दर अंशाला ४ मिनिटे धरली, तर आपल्याकडचा सूर्य घड्याळापेक्षा जवळजवळ ३५ मिनिटे मागे चालतो. जूनमध्ये हे जाणवत नाही, तेव्हा सहाच्या आधीच उजाडते. डिसेंबर-जानेवारीत जाणवते. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण सर्वांत उशिराचा सूर्योदय तेव्हा नसतो, तो जानेवारीच्या मध्याला असतो. त्या दिवसांत नाशिकला सूर्य ७ वाजून १० मिनिटांच्या आसपास उगवतो, आणि रस्ता दिसण्याइतके फटफटते ते पावणेसातच्या सुमारास. पाळी सातची. गेटपास, पंचिंग, कपडे बदलणे धरून माणूस पावणेसातला गेटावर हवा. म्हणजे सगळी वाट काळोखात संपते. फटफटायला आणि आम्ही गेटातून आत शिरायला एकच गाठ पडते.

आणखी एक गंमत. रात्रभर जमीन उष्णता सोडत राहते, त्यामुळे चोवीस तासांतला सर्वांत थंड क्षण सूर्योदयाच्या आसपास येतो. पारा तळाला आणि पाळीचा भोंगा, दोन्ही एका वेळी. तिसऱ्या पाळीचा माणूस रात्रभर जागून त्याच घटकेला बाहेर पडतो, तो वेगळाच. कोणी मुद्दाम मुहूर्त काढून ठरवले असते, तरी इतके जमले नसते.

म्हणून आमचे पहिले मागणे बिनखर्चाचे आहे. १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर तिन्ही पाळ्या अर्ध्या तासाने पुढे सरकवा. साडेसात ते साडेतीन, साडेतीन ते साडेअकरा, साडेअकरा ते साडेसात. तास तेवढेच, उत्पादन तेवढेच, मशीन एक मिनिटही बंद राहणार नाही. आम्हाला सव्वासहाऐवजी पावणेसातला घराबाहेर पडता येईल. तेव्हा निदान खड्डा कुठे आणि माणूस कुठे एवढे तरी कळते.

हे मागणे आजचे नाही. १ जानेवारी १९०६ पासून देशभर एकच प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ती ३९ मिनिटे पुढे होती. गिरण्यांनी घड्याळे पुढे केली, म्हणजे कामगाराने सूर्याच्या हिशेबाने पाऊण तास आधी उठून अंधारात गिरणी गाठायची. त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगारांनी काम बंद पाडले आणि गिरण्यांवर दगड पडले. त्यांना कोणी अडाणी म्हटले असेल. पण जानेवारीतल्या पहाटेचा हिशेब त्यांना घड्याळजींपेक्षा बरा कळत होता. मुंबईने आपली जुनी वेळ नंतरही १९५५ पर्यंत सोडली नाही. आम्ही दगड मारायला निघालेलो नाही. घड्याळ बदला असेही म्हणत नाही. घड्याळ मिर्झापूरचे राहू द्या, भोंगा तेवढा नाशिकचा करा.

यावर काय उत्तरे येतात ते आम्हाला पाठ आहे. पहिले उत्तर, वेळापत्रक बदलता येत नाही. येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने आदेश काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, कारण पोरांची झोप होत नाही. ज्या बापाची पोरे त्या आदेशाने जरा जास्त झोपली, तो बाप साडेपाचला उठून डबा भरतो आहे. त्याच्यासाठी अर्धा तास मागितला तर व्यवस्था कोलमडेल असे सांगितले जाते. दुसरे उत्तर, आमच्याकडे बस आहे. आहे ना. ती कायम कामगारांची आहे. कॉन्ट्रॅक्टवाल्याला बसचा पास नाही, आणि आज सायकलवर दिसणारा बहुतेक जण कॉन्ट्रॅक्टवरचा हेल्पर आहे, नाहीतर सिक्युरिटीचा, नाहीतर कँटीनचा. कायम झालेल्याने बाईक घेतली, तोही आमच्यातूनच गेला. पेट्रोल शंभरीच्या पार असताना रोजंदारीवरच्या माणसाने बाईकच्या मागे का धावावे?

तिसरे उत्तर सगळ्यांत लाडके आहे. आता सायकल चालवतो कोण? २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्यांना विचारले होते की कामावर कसे जाता. देशभरात १३ टक्के लोकांनी सांगितले, सायकलने. दोन कोटी साठ लाखांच्या वर माणसे. एवढ्या माणसांना 'कोण' म्हणायचे असेल तर म्हणा, पण मोजून म्हणा. सकाळी साडेसहाला आयटीआय सिग्नलला उभे राहा. दिसणार नाही म्हणून टॉर्च घेऊन या.

नाशिक हे सायकलवाल्यांचे शहर आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आरपार ओलांडणारी, जवळजवळ ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली. आम्हालाही त्याचा अभिमान आहे, खरेच आहे. गंगापूर धरणाकडे रविवारी पहाटे हेल्मेट आणि लुकलुकते दिवे लावून जाणाऱ्यांशीही आमचे वाकडे नाही. उलट त्यातल्या काहींनी रस्त्यात आमची चेन बसवून दिली आहे. खटकते ते एवढेच, की सायकल हा विषय निघाला की चित्र त्यांचेच डोळ्यांपुढे येते. ट्रॅक आखले जातात ते उद्यानाजवळ, नदीकाठी, सकाळी साडेसातनंतर फिरायला छान वाटेल अशा ठिकाणी. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर आमच्या वाट्याला येते ती कडेची दोन फूट पट्टी. तिच्यावर कच, वाळू, उभे ट्रेलर, आणि थंडीत विझलेल्या शेकोटीची राख. त्या उबदार राखेत कुत्री झोपलेली असतात. अंधारात चाक त्यांच्या शेपटीजवळून गेले की पुढचे अर्धा किलोमीटर काय होते, ते ज्याने भोगले त्यालाच माहीत. ओला कचरा जाळलेला धूरही थंडीत वर जात नाही, जमिनीलगत साचून राहतो. गाडीची काच वर करता येते. सायकलवाला तो धूर गिळतच जातो, आणि धाप लागलेली असते म्हणून जास्त गिळतो.

मागच्या जानेवारीत माझ्यापुढे चाललेला एक हेल्पर अशाच रस्त्यावरच्या एका स्पीड ब्रेकरवर पडला. त्यावर पांढरे पट्टे नव्हते, वरचा दिवा बंद होता, आणि समोरून आलेल्या टेम्पोचा हेडलाइट डोळ्यांत होता. मनगट सुजले. तरी त्याने डब्यातली सांडलेली भाजी चाचपडत गोळा केली आणि सायकल ढकलत गेटावर पोहोचला. अकरा मिनिटे उशीर. अर्धा दिवस कापला. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण तो अजून तिथेच आहे. आणि असे कापणारी ती काही एकटी नाही.

आमचे आजोबा दिव्याशिवाय सायकल चालवताना पोलिसाला घाबरत. डायनॅमो नसेल तर काही जण कंदील लटकवून जात. सायकलला पालिकेचा बिल्ला लागे, तो नसेल तर दंड. म्हणजे सरकारला तेव्हा सायकल दिसत होती, वसुलीसाठी का होईना. आज बिल्ला नाही, दंड नाही, कोणी हटकत नाही. ही काही मोकळीक नव्हे, आम्ही नजरेतूनच उतरलो आहोत. दिवा लावायची आमची जबाबदारी आम्ही मानतो. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर आणि पुढे शंभर-दीडशेचा बॅटरीचा दिवा, हे प्रत्येकाने लावलेच पाहिजे. जो लावत नाही त्याला आम्हीच टोकतो. पण त्या दिव्याने आम्ही दुसऱ्याला दिसतो, आम्हाला खड्डा दिसत नाही. त्यासाठी खांबावरचा दिवा लागतो. रस्त्याचे खांब ज्यांच्या ताब्यात आहेत, त्यांना आमचा एवढाच प्रश्न आहे की थंडीच्या तीन महिन्यांत टायमर उजाडायच्या आधीच दिवे का बंद करतो?

कारखान्यांकडून आणखी थोडेसे. स्टँडवर पत्रे टाका. कार उन्हात तापू नये म्हणून शेड आहे, सायकलवर दव आणि पाऊस चालतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात ४३ वे कलमच कामावर न घालायचे कपडे ठेवण्याबद्दल आणि ओले कपडे वाळवण्याबद्दल लिहिलेले होते. पंचाहत्तर वर्षांपूर्वी दिल्लीत बसलेल्या माणसांना कामगार ओला होऊन येतो हे सुचले होते. एक खुंटी, एक दोरी आणि आल्यावर एक कप गरम चहा, एवढ्याने काम सुरू करणाऱ्याची बोटे स्पॅनर धरण्याइतकी सैल होतात. बधिर बोटांनी प्रेस चालवायला लावणे कोणाच्या फायद्याचे आहे, ते सेफ्टी ऑफिसरने सांगावे.

थंडीत सायकल चालणारच नाही असे ज्यांचे मत आहे, त्यांनी फिनलंडचे ऊलू शहर नकाशावर शोधावे. वस्ती दोन लाखांच्या घरात, जागा उत्तर ध्रुववृत्तापासून फार दूर नाही, डिसेंबरात दिवस चार तासांहून लहान. तिथे शाळकरी पोरे बर्फातून सायकलने शाळेत जातात. २०१३ साली हिवाळी सायकलवाल्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद तिथेच भरली. त्या लोकांचे रक्त काही आपल्यापेक्षा गरम नाही. त्यांच्याकडे सायकलच्या वाटेवर दिवे आहेत, आणि रात्री बर्फ पडला तर लोक घराबाहेर पडायच्या आत ती वाट साफ होते. आपल्याला बर्फ काढायचा नाही. कच झाडायची आहे आणि बटण उशिरा बंद करायचे आहे.

सायकलवाल्यांनो, या पत्रकाची मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवली आहे. घरापासून गेटापर्यंत जे दिवे बंद दिसतील, त्यांचे खांब नंबर तिथे लिहा. नंबर पुसला असेल तर जवळच्या दुकानाची खूण लिहा. पट्टे नसलेले स्पीड ब्रेकर लिहा. आपले नाव लिहू नका, कंपनीचे तर मुळीच नको. नेहमीच्या पंक्चरवाल्याकडे कागद ठेवून द्या, शनिवारी पाळी सुटल्यावर आम्ही गोळा करू. काळोखात लिहिता येणार नाही, तेव्हा खांब जाताना मोजा आणि नंबर परतताना टिपा.

— पहिल्या पाळीचा एक सायकलवाला, सातपूर, नाशिक