बंपरखालची काळी पट्टी

माझा आतेभाऊ अमेरिकेत, टेक्सासमध्ये राहतो. त्याने नुकतीच पिकअप गाडी घेतली. पुढे पाच जणांची केबिन, मागे उघडा हौदा, अशी ही गाडी तिकडे घरोघरी दिसते. परवा फोनवर वैतागून म्हणाला, "अरे, तू गाड्यांवर लिहितोस ना? मग एक सांग. माझ्या गाडीच्या पुढच्या बंपरखाली काळी प्लॅस्टिकची पट्टी लोंबते आहे. पार्किंगच्या कठड्याला दोनदा घासली. गाडी एवढी उंच आणि ही मध्येच खाली! मित्र म्हणतात, चार स्क्रू फिरवले की निघते. काढून टाकू का?"

मी विचारले, "सुटीत कुठे जाणार आहेस?"

"मागे ट्रेलर जोडून सगळे कोलोरॅडोच्या डोंगरात जाणार आहोत."

"मग इतक्यात हात लावू नकोस," मी म्हणालो.

या पट्टीला 'एअर डॅम' म्हणतात, म्हणजे हवेचा बांध. धरणाचा बांध पाणी अडवतो, तशी ही पट्टी गाडीच्या पोटाखाली घुसणारी हवा अडवते. पण हवा अडवायची कशासाठी?

कोणतीही गाडी खालून वाकून पाहा. वरून ती कितीही गुळगुळीत असली तरी खाली सगळा पसारा असतो. सांगाडा, आस, सायलेन्सरची नळी, गिअरबॉक्स आणि पिकअपला तर बहुधा टांगलेले जादा चाकही. वेगाने आत शिरलेली हवा या प्रत्येक वस्तूवर आपटते आणि गाडीला मागे ओढते. पिकअप उंच असल्याने तिच्याखाली हवेला वाटही मोठी मिळते. पट्टी ही हवा दोन्ही बाजूंना वळवते. पट्टीलाही वारा लागतोच, पण तिच्यामुळे वाचणारा अवरोध त्याहून जास्त असतो. म्हणून तिची उंची कंपन्या वाऱ्याच्या बोगद्यात चाचण्या घेऊन ठरवतात. पट्टी जितकी मोठी तितकी चांगली, असे मात्र नाही.

गावात हळू चालताना याचा फारसा फरक पडत नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा अवरोध चौपट होतो आणि त्याच्यावर मात करायला आठपट शक्ती लागते. म्हणजे ताशी ५० किलोमीटरवर जे जाणवतही नाही, ते ताशी १०० वर पेट्रोलच्या बिलात दिसू लागते.

दुसरे काम इंजिन थंड ठेवण्याचे. समोरच्या जाळीतून आलेली हवा रेडिएटरमधून जाते आणि बॉनेटखालून खाली बाहेर पडते. घराची समोरची खिडकी उघडी असली तरी मागची बंद असेल तर वारा खेळत नाही. तसेच इथे होते. पोटाखाली हवेची गर्दी असेल तर आतल्या गरम हवेला बाहेर पडणे कठीण जाते. पट्टीमुळे तिच्या मागे दाब कमी होतो आणि गरम हवा खाली ओढली जाते. ट्रेलर ओढत घाट चढताना हीच मदत मोलाची ठरते.

शेव्हरोले कॉर्वेट या स्पोर्ट्स मोटारीच्या १९८४ ते १९९६ या काळातील गाड्यांत तर रेडिएटरसाठी हवा खालूनच घेतली जाई आणि ही पट्टी तिला वर वळवी. पट्टी तुटली की हायवेवर इंजिन तापे आणि मालक बिचारा पाण्याचा पंप नि थर्मोस्टॅट तपासत बसे!

तिसरे काम म्हणजे पुढचा भाग स्थिर ठेवणे. पुढून खाली घुसणारी हवा गाडीचे तोंड किंचित उचलू पाहते. ती कमी झाली की भरधाव वेगातही स्टिअरिंग हलके पडत नाही.

मग लोक पट्टी काढतात ते चूकच का? सरसकट नाही. ज्याला दगडधोंड्यांतून, बर्फातून किंवा शेतातल्या उंचसखल वाटेने रोज जायचे आहे, त्याची पट्टी अडकून तुटणारच. कंपन्या स्वतःच अशा वाटांसाठीच्या काही गाड्यांत ती देत नाहीत किंवा आखूड ठेवतात. दोन्ही सोयी हव्यात म्हणून २०१९ च्या रॅम १५०० पिकअपमध्ये ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगानंतर आपोआप खाली उतरणारी आणि वेग कमी झाला की वर जाणारी पट्टीही आली.

आपल्याकडेही बऱ्याच मोटारींच्या बंपरखाली अशी छोटी पट्टी असते. गतिरोधकावर ती घासते, एक टोक सुटते आणि मग "काही कामाची नाही, टाकून द्या" असा सल्ला मिळतो. तसे करण्यापूर्वी गाडीबरोबर आलेली पुस्तिका उघडून पाहा. सुटलेले टोक पुन्हा बसवायला फारसा खर्च येत नाही. लोंबती पट्टी तशीच ठेवून हायवेवर मात्र जाऊ नका. ती चाकात अडकू शकते.

आतेभावाला मी एवढेच सांगितले की पार्किंगमध्ये कठड्यापासून हातभर अलीकडे थांबत जा. बऱ्याच गाड्यांची पट्टी लवचीक असते, थोडे घासल्याने तिचे बिघडत नाही.

"म्हणजे चूक पट्टीची नव्हती तर!" पलीकडून वहिनींचा आवाज आला.