तिन्ही भोकांत पेटलेला टेस्टर

आज जुनी आठवण कमी आणि मत जास्त आहे. पण मताआधी घरातली गोष्ट सांगावी लागेल.

मागच्या श्रावणात आमच्या अडाजणच्या घरी फ्रिजचा प्लग मेला. सौ. सकाळी दूध काढायला गेली तर फ्रिजमधला दिवा लागेना. त्याच बोर्डावर पाण्याचा फिल्टर आहे, तोही बंद. बाकी घरात दिवे, पंखे, टीव्ही सगळं व्यवस्थित. ती मला म्हणाली, "अहो, फ्रिज बंद आहे आणि हात लावला की मुंग्या येतायत."

मी म्हणालो, "पावसाळी हवा आहे, हात ओले असतील तुझे."

हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहून ठेवतोय.

आता मी पडलो कॉमर्सचा माणूस. विज्ञान मॅट्रिकला सुटलं ते सुटलंच. पण 1974 साली बँकेच्या नोकरीसाठी अमळनेरहून सुरतेला आलो तेव्हा ज्या भाड्याच्या खोलीत राहिलो, तिथे लाकडी पट्टीवरचं वायरिंग, गोल काळे बटण आणि चिनी मातीचे कटआउट होते. फ्यूज उडाला की मेणबत्ती धरून नवीन तार बांधायची, हे त्या वाड्यातल्या प्रत्येक पुरुषाला यायचं. पुन्हा पुन्हा उडू नये म्हणून जाड तार बांधणारे महाभागही होते. तेवढ्या भांडवलावर आम्ही स्वतःला अर्धे वायरमन समजतो.

तर या अर्ध्या वायरमनने आधी बटण आठ-दहा वेळा खालीवर केलं. (हे आपण सगळेच करतो. का करतो, देव जाणे.) मग एमसीबी पाहिले, सगळे वर. मग टेस्टर घातला. फेजच्या भोकात लाल दिवा पेटला. म्हणजे करंट येतोय, बिघाड फ्रिजमध्ये, असा निकाल देऊन मोकळा झालो. खात्री करायला हॉलमधून एक्स्टेंशन ओढून फ्रिज लावला, तर तो घुर्र करून सुरू! मुंग्याही बंद. चार दिवस ती वायर उंबऱ्यावरून पडलेली, पाणी उकळून प्यायचं, आणि मी "पाऊस उघडला की बोलावू कोणाला तरी" असं म्हणत होतो.

पाचव्या दिवशी मुलगा आला. लिंबायतचा, मूळ धुळ्याकडचा, आयटीआय केलेला. त्याने त्याच बोर्डात टेस्टर घातला. फिल्टरची पिन तशीच लावलेली आणि बटण चालू होतं. फेजच्या भोकात पेटला. न्यूट्रलमध्ये पेटला. मग वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकात घातला, आणि तिथेही पेटला.

त्याने हात मागे घेतला. म्हणाला, "काका, हे मरणाचं काम करेल आहे कोणीतरी. फ्रिज इथेच लावेल होता ना? काकूंना काही लागलं नाही?"

तेव्हा मला त्या मुंग्या आठवल्या.

मेन बंद करून, खरंच बंद झालंय का हे पुन्हा पाहून, त्याने पट्टी उघडली. आत न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थिंगच्या स्क्रूपर्यंत बोटभर लांबीची काळी वायर जोडलेली. खरी अर्थिंगची हिरवी वायर मागे गंजून तुटलेली, दुमडून कोंबलेली. आणि भिंतीतून येणारी न्यूट्रलची वायर जोडाशी जळून सुटलेली.

मला समजलं ते असं. करंट फेजने जातो, फ्रिजमधून फिरतो आणि न्यूट्रलने परत येतो. न्यूट्रल तुटली की यंत्र बंद पडतं, पण करंट दारात येऊन उभाच असतो, म्हणून टेस्टर पेटतो. टेस्टर फक्त येणारा पैसा दाखवतो, जाणारा नाही. इथवरही ठीक. पण फ्रिजचं पत्र्याचं अंग पिनेतून अर्थिंगला जोडलेलं असतं, आणि आमच्याकडे ते अर्थिंग म्हणजे तीच तुटलेली न्यूट्रल. मग कॉम्प्रेसरमधून फिरून आलेला करंट, परतीचा रस्ता नाही म्हणून, फ्रिजच्या अंगावर. हात लावणारा माणूस हाच रस्ता.

आमच्याकडे स्वयंपाकघरात चपला घालत नाहीत. टाचदुखीसाठी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सौ. गेल्या वर्षापासून तिथे रबरी चपला घालते. त्यावरून मी तिला बरंच ऐकवलं होतं. मुंग्यांवर निभावलं ते त्या चपलांमुळे.

ती बोटभर वायर कोणी जोडली? मला नेमकं आठवतं, कारण जोडायला मीच सांगितलं होतं. ऑगस्ट 2006. उकाईचं पाणी सोडलं, नऊ लाख क्युसेकच्या आसपास, आणि तापी घरात आली. राखीच्या दिवसांत अर्धं सुरत गच्चीवर होतं. आमच्या तळमजल्यावर पाणी ओट्याच्या वर चढलं, म्हणजे सगळे प्लग पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर चिखल, वास, आणि वायरमन मिळेना. एक मिळाला, त्याला दिवसाला दहा घरं. भिंती ओल्या, त्यामुळे ईएलसीबी लावला की पडायचा. तो म्हणाला, "काका, आना लीधेज तकलीफ छे," आणि मी म्हणालो, काढून टाक. या बोर्डात अर्थिंग मिळत नव्हतं, तर मी म्हणालो, "काही कर, पण फ्रिज चालू करून दे." त्याने ती बोटभर वायर टाकली आणि म्हणाला, "चालशे."

चाललं. 19 वर्षं चाललं. बँकेत मी आयुष्यभर पाहिलं की थकलेलं कर्ज फेडायला नवं कर्ज दिलं की खातं नियमित दिसतं. तपासणीत सापडलं तर आम्ही शाखाधिकाऱ्याला फाडून खायचो. घरी मी तेच केलं, आणि वर त्या वायरमनला चहा पाजला. त्याचा दोष नाही असं म्हणत नाही, पण सही माझी होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की बंद पडलेला प्लग चालू करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. तो का बंद पडला हे कळेपर्यंत तो बंदच बरा, आणि त्यात लावलेली सगळी यंत्रं पिन काढून बाजूला. बटण बंद करून भागत नाही. कोणी म्हणेल, इतकी वर्षं काही झालं नाही ना? झालं नाही, कारण न्यूट्रल तुटली नव्हती.

"आमच्याकडे एमसीबी आहेत," असं मला दोघा-तिघांनी ऐकवलं. एमसीबी लोड वाढला किंवा शॉर्ट झालं तर पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या हिशेबी इतका किरकोळ असतो की त्याला पत्ताही लागत नाही. ते काम आरसीसीबीचं. तो आमच्या कॅशियरसारखा आहे. फेजने किती गेला, न्यूट्रलने किती परत आला, सतत ताळा करत बसतो, आणि 30 मिलिअँपियरचा फरक येण्याआधी-येताच खटका पाडतो. त्यावर एक छोटं टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. किती घरांत दाबतात?

2019 च्या 24 मे रोजी सरथाण्याच्या तक्षशिला इमारतीत आग लागली, 22 जण गेले, बहुतेक सगळी क्लासला आलेली मुलं. त्यानंतर नातवंडांच्या क्लासला जिना कुठे आहे हे आम्ही आजी-आजोबा जाऊन पाहून आलो. घरातला एक बोर्ड मात्र कोणी उघडला नाही. मॉड्युलर किचनला, फॉल्स सीलिंगला लाखांनी घालतो आणि वायरमनशी पन्नास रुपयांवरून घासाघीस. मीटरच्या अलीकडचं सगळं आपलं, वीज कंपनीचं नाही, हेही कित्येकांना माहीत नसतं. आणि 2006 ला ज्यांच्या प्लगपर्यंत पाणी आलं होतं, त्यांनी तर एकदा पट्ट्या उघडून घ्याच. तेव्हाची घाई अजून भिंतींत आहे.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातेय. घरातली पहिली बरोबर तपासणी सौ.ने केली होती, हाताने. मी टेस्टर घेऊन चुकीचा निकाल दिला. आपल्या घरांत मेन स्विच कुठे आहे हे बायकांना कोणी दाखवत नाही आणि त्यांनी सांगितलेल्या मुंग्या कोणी मोजत नाही.

मुलाने दोन दिवस घेतले. मेन बोर्डापासून नवी अर्थिंगची वायर ओढली, न्यूट्रलचे सगळे जोड नव्याने केले, आरसीसीबी बसवला. आणि पहिल्याच रात्री तो दोनदा पडला. शेजारी सत्यनारायणाची पूजा, आमच्याकडे पाहुणे, घरात अंधार. माझ्या तोंडून शब्द निघालेच होते, "त्याला सांग, तात्पुरता काढून..."

सौ. म्हणाली, "पडतोय ना, पडू दे. काय लावलं की पडतो ते बघा आधी."

एकेक बटण बंद करत गेलो. गिझरचं बंद केल्यावर तो टिकला. आतली कॉइल गळत होती. दुसऱ्या दिवशी गिझर भंगारवाल्याला दिला.